मेंदूविकारावरील नव्या संशोधनाची बातमी आपल्या रुग्णाच्या उपयोगाची आहे का, हे कसे ठरवावे

मेंदूच्या आजारावरील संशोधनाची बातमी वाचण्याआधी रुग्णाची फाईल उघडावी. घरात विस्मरणाचा, कंपवाताचा किंवा फिटचा रुग्ण असला की ‘अल्झायमरवर औषध सापडले’, ‘एका इंजेक्शनने जनुक दुरुस्त’ असे मथळे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटातून येत राहतात आणि हैदराबादला नोकरीस असलेला भाचा आवर्जून दुवा पाठवतो. पुढच्या तपासणीला न्यूरोलॉजिस्टसमोर बसल्यावर मग गोळीचे प्रमाण, झोप, गिळण्याचा त्रास हे विचारायचे राहून सगळा वेळ त्या बातमीवर जातो. सोलापुरात धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी अशा चहूबाजूंनी रुग्ण येत असल्याने ओपीडीत एका कुटुंबाच्या वाट्याला येणारी मिनिटे मोजकीच असतात. ती कशावर खर्च करायची, हे घरीच बऱ्यापैकी ठरवता येते. त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही, परंतु गेल्या दोन-तीन दशकांत रेणूंच्या पातळीवरील संशोधनाने मेंदूविकारांची विभागणीच कशी बदलून टाकली आहे, याची ओळख मात्र असावी लागते.

फाईलवर नेमके काय लिहिले आहे

‘मेंदू आकसला आहे’, ‘नस सुकली आहे’, ‘मेंदूला रक्त कमी पोहोचते’ ही वाक्ये आपल्याकडे निदान म्हणून सर्रास सांगितली आणि ऐकली जातात. प्रत्यक्षात ती निदाने नव्हेत. मेंदूचे आकुंचन साठीनंतर थोड्याफार प्रमाणात सर्वांच्याच सीटी स्कॅनमध्ये दिसते. स्मृतिभ्रंश हेसुद्धा एका लक्षणसमूहाचे नाव आहे. त्यामागे अल्झायमर असू शकतो, छोट्या-छोट्या पक्षाघातांची मालिका असू शकते, पेशींत प्रथिनांचे गोळे साचणारा लुई बॉडीचा आजार असू शकतो, कपाळामागील भागापासून सुरू होणारा फ्रंटोटेम्पोरल प्रकार असू शकतो, किंवा यांतील दोन कारणे एकत्र नांदत असू शकतात. भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या ८८ लाखांचा आजार एकच आहे असे समजून बातमी वाचणे, ही चुकीच्या वाचनाची सुरुवात होय.

कंपवाताचे उदाहरण आणखी बोलके आहे. हात थरथरतो, चाल मंदावली, चेहरा निर्विकार झाला, म्हणजे पार्किन्सन्सच असे नसते. पित्तासाठी दिल्या जाणाऱ्या काही संयुक्त गोळ्यांमध्ये लेव्होसुलपिराइड असते, चक्करेसाठी सिनारिझिन दिले जाते, आणि ही दोन्ही औषधे महिनोन्‌महिने घेतल्यास, विशेषतः वृद्धांमध्ये, हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे निर्माण करू शकतात. म्हणून फाईल उघडताना रुग्ण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, अगदी मेडिकलमधून परस्पर आणलेलीही, तिच्यासोबत ठेवावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत. कोणतेही औषध मनाने बंद मात्र करू नये.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे बिघडलेले कार्य, पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेले रक्त, ही विस्मरणाची दुरुस्त होण्यासारखी कारणे तपासली गेली आहेत का, एवढे विचारावे. मग डॉक्टरांना विनंती करून निदान संपूर्ण शब्दांत लिहून घ्यावे आणि ते निश्चित आहे की संभाव्य, हेही विचारावे. न्यूरोलॉजीत ‘संभाव्य’ हा शब्द कमीपणाचा नाही, कारण कित्येक आजारांचे निदान अनेक महिने रुग्णाचे निरीक्षण केल्यावरच पक्के होते.

रेणूचे नाव शोधावे

आता बातमी घ्यावी आणि तिच्यात एकच गोष्ट शोधावी: हे औषध कोणत्या रेणूवर काम करते? बातमीत त्याचा उल्लेखच नसेल, तर ती बातमी सोडून द्यावी. उल्लेख असेल, तर पुढचा प्रश्न असा की आपल्या रुग्णात तोच रेणू बिघडलेला आहे याचा पुरावा फाईलमध्ये आहे का.

अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाच्या गाठी होतात. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्युक्लिनचे गोळे बनतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि आनुवंशिक पार्किन्सन्स यांचा संबंध १९९७ मध्ये उघड झाला. हंटिंग्टनच्या आजारात, म्हणजे अनियंत्रित हालचाली घडवणाऱ्या आनुवंशिक विकारात, एकाच जनुकातील सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती मर्यादेबाहेर वाढलेली असते, आणि ते जनुक १९९३ मध्ये सापडले. नावे वेगळी असली, तरी चुकीची घडी पडलेले प्रथिन साचत जाणे हा या आजारांतील समान धागा आहे, आणि त्यामुळेच ‘एकच औषध सगळ्यांवर’ अशी आशा अधूनमधून व्यक्त होते. तरीही आजवर मान्यता मिळालेली औषधे एका विशिष्ट रेणूसाठी, एका विशिष्ट टप्प्यावरच्या रुग्णासाठी आहेत.

रेणू नेमका सापडला म्हणजे काय घडू शकते, हे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या लहान मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात दिसते. या मुलांमध्ये एसएमएन-१ हे जनुक काम करीत नाही. त्यांच्याकडे त्याची एसएमएन-२ नावाची जोडनक्कल असते, पण तिच्यावरून प्रथिन बनवताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गळून जातो आणि प्रथिन अपुरे राहते. सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतील एक पुठ्ठा निसटला की सूत आणि माग उत्तम असूनही मोर अर्धाच उमटतो, तसेच हे आहे. नुसिनर्सेन हे औषध तो सातवा तुकडा जागच्या जागी राहील अशी व्यवस्था करते. ते पाठीतून, मणक्यातील पाण्यात द्यावे लागते आणि अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तोंडावाटे घ्यायचे रिस्डिप्लाम २०२० मध्ये आले, आणि मूळ जनुकाची चांगली प्रत विषाणूच्या कवचातून पोहोचवणारा उपचार २०१९ मध्ये. पूर्वी दोन वर्षांचा वाढदिवसही न पाहणारी मुले आता बसतात आणि काही चालतातही. मात्र औषध जितके लवकर, शक्यतो लक्षणे दिसण्याआधी, सुरू होईल तितका लाभ अधिक असतो. गेलेल्या चेतापेशी कोणतेही औषध परत आणत नाही, आणि हे वाक्य पुढील प्रत्येक बातमी वाचताना लक्षात ठेवावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण टोफरसेनचे. एएलएस हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार, ज्याला आपल्याकडे मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात, त्यावरील या औषधाला एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि बातमी ‘एएलएसवर औषध’ अशी पसरली. प्रत्यक्षात ते फक्त एसओडी-१ या जनुकात दोष असलेल्या रुग्णांसाठी आहे, आणि एएलएसच्या शंभर रुग्णांत असे सुमारे दोनच असतात. ज्या कुटुंबात जनुकीय तपासणी झालेली नाही, त्याने ही बातमी वाचून औषधाची किंमत विचारत फिरणे व्यर्थ आहे. आधी ती तपासणी करावी का, हे विचारावे.

जी बातमी सोलापुरात आज उपयोगी आहे

माझे स्पष्ट मत असे आहे की रेणवीय मेंदूविज्ञानाचा आजचा मोठा लाभ सामान्य कुटुंबाला नव्या औषधातून मिळण्यापेक्षा अचूक निदानातून मिळतो, आणि त्याची बातमी फारशी होत नाही.

विशीतील एखादी मुलगी काही दिवसांच्या तापानंतर अचानक असंबद्ध बोलू लागते, घाबरते, रात्र-रात्र झोपत नाही, मग तिला झटके येतात, तोंडाच्या व हातांच्या विचित्र हालचाली होतात, आणि शेवटी ती प्रतिसाद देईनाशी होते. अशा वेळी कोणी मानसिक धक्का म्हणते, कोणी बाहेरची बाधा म्हणते, आणि देवऋषीकडे नेण्यात मोलाचे आठवडे जातात. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चित्रामागील कारण दाखवून दिले. शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे (अँटिबॉडी) चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहकांना चिकटतात आणि ते ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. पेशी जिवंत असतात, फक्त त्यांची संदेश घेण्याची दारे कमी झालेली असतात, आणि म्हणूनच हा आजार बऱ्याच प्रमाणात परत फिरवता येतो. काही तरुणींमध्ये अंडाशयातील एक गाठ या प्रतिपिंडांना चालना देते. ती काढली की सुधारणा वेगाने होते. पाठीतील पाण्याची आणि रक्ताची प्रतिपिंडांसाठी तपासणी, स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार भारतात उपलब्ध आहेत. आपल्या माहितीत असे काही घडल्यास डॉक्टरांना ‘हा ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह) असू शकतो का?’ एवढे एक वाक्य विचारावे. पाठीतले पाणी काढल्याने माणूस कायमचा लुळा होतो, ही आपल्या भागातील समजूत निराधार आहे आणि तिच्यामुळे निदान लांबते.

दुसरा आजार विल्सनचा. यात तांबे शरीराबाहेर टाकणाऱ्या एटीपी-७-बी या जनुकात दोष असतो, तांबे यकृतात आणि मेंदूच्या खोल भागात साचते, आणि बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचे अक्षर बिघडते, जीभ जड होते, लाळ गळते, स्वभाव बदलतो. शाळेत तो आळशी ठरतो. डोळ्यांच्या बुबुळाभोवतीचे तपकिरी कडे नेत्रतज्ज्ञाच्या यंत्रातून दिसते. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे या तपासण्या होतात. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन १९५६ पासून वापरात आहे आणि जस्ताच्या गोळ्याही आहेत. औषध मात्र जन्मभर चालू ठेवावे लागते. हा आजार आई व वडील या दोघांकडून दोषयुक्त प्रत आल्यावरच होतो, त्यामुळे रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. भावंडे ठणठणीत दिसत असली तरी त्यांची तपासणी करून घ्यावी.

तिसरा आजार तर औषधाला इतका सुंदर प्रतिसाद देतो की तो निसटला तर हळहळ वाटते. सकाळी बरी चालणारी आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडे पडू लागणारी मुले ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणून वर्षानुवर्षे फिजिओथेरपीला नेली जातात, आणि त्यांतील काहींना डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया असतो. मेंदूत डोपामिन बनवण्याच्या साखळीतील एका विकराचे (एन्झाइमचे) जनुक त्यास कारणीभूत असल्याचे १९९४ मध्ये कळले. लेव्होडोपाची छोटी मात्रा, जी कोणत्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळते, ती त्यांना धावायला लावू शकते.

कोणावर प्रयोग झाला आणि काय मोजले

संशोधन पेशींवर, उंदरांवर आणि माणसांवर अशा क्रमाने पुढे सरकते. उंदराला नैसर्गिकरीत्या अल्झायमर होत नाही. त्याच्यात माणसाचे दोषयुक्त जनुक घालून अमायलॉइड साचवले जाते. म्हणून ‘उंदरांची स्मृती परत आली’ ही बातमी विज्ञानाची असते, उपचाराची नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मानवी मेंदूतील तीन हजारांहून अधिक पेशीप्रकारांचा नकाशा प्रसिद्ध झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूतील १,३९,२५५ चेतापेशी व त्यांच्यातील सुमारे पाच कोटी जोडण्यांची नोंद पूर्ण झाली. या कामाचे मोल फार मोठे आहे आणि ते कुतूहलाने जरूर वाचावे, परंतु ओपीडीत त्याबद्दल विचारण्यासारखे काही नाही.

माणसांवरील चाचणीत पहिला टप्पा सुरक्षिततेचा, दुसरा मात्रा आणि परिणामाच्या खुणांचा, आणि तिसरा मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन तुलना करण्याचा असतो. तुलना ज्यांच्याशी होते त्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रव्य, दिले जाते. औषध कोणाला मिळाले हे रुग्णाला व तपासणाऱ्याला माहीत नसणे आवश्यक असते, कारण मेंदूच्या आजारांत केवळ आशेनेही हालचाल आणि मनःस्थिती काही काळ सुधारते.

काय मोजले हेही पाहावे. टोफरसेनच्या १०८ रुग्णांच्या चाचणीत अठ्ठावीस आठवड्यांनंतर रुग्णांच्या कार्यक्षमतेत ठरवलेला फरक सिद्ध झाला नाही; मात्र चेतापेशींची झीज दर्शवणारे न्यूरोफिलामेंट हे प्रथिन रक्तात कमी झाले, आणि त्या खुणेच्या आधारे त्वरित मान्यता देण्यात आली. अशी मान्यता चुकीची असते असे नाही. परंतु ‘खूण सुधारली’ आणि ‘रुग्ण सुधारला’ यांतील अंतर कुटुंबाला ठाऊक हवे. अल्झायमरवरील ॲड्युकॅनुमॅब या औषधाला २०२१ मध्ये अमायलॉइड कमी होण्याच्या खुणेवर मान्यता मिळाली, त्यावरून तज्ज्ञांत मोठा वाद झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ते थांबवण्याचे जाहीर केले.

टक्क्यांमागचा आकडा

मेंदूतील अमायलॉइड कमी करणाऱ्या लेकानेमॅब या औषधाचे उदाहरण घेऊन एकदा हिशेब करून पाहावा, म्हणजे पुढे कोणतीही बातमी वाचता येते. या औषधाने अल्झायमरची घसरण २७ टक्क्यांनी मंदावते असे छापून आले, आणि ते खरे आहे. चाचणीत १,७९५ रुग्ण होते, सर्व अगदी सुरुवातीच्या टप्प्यातील, आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइड असल्याची तपासणीने खात्री केलेली होती. स्मृती व दैनंदिन व्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर अठरा महिन्यांत औषध न घेतलेल्यांची घसरण सरासरी १.६६ गुण झाली, औषध घेतलेल्यांची १.२१. फरक ०.४५ गुणाचा. ०.४५ ला १.६६ ने भागले की २७ टक्के येतात. कोणीही बरे झाले नाही. दोन्ही गटांची स्थिती खालावली, एका गटाची थोडी कमी. हा फरक घरी जाणवण्याजोगा आहे का, यावर तज्ज्ञांतच दोन मते आहेत.

आता दुसरी बाजू. औषध घेतलेल्या १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली, तर प्लासिबो गटात १.७ टक्के. बहुतेकांना लक्षणे नव्हती, पण काही थोड्यांमध्ये सूज आणि रक्तस्राव जिवावर बेतू शकतात. एपीओई-४ या जनुकप्रकाराच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांना धोका अधिक असतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत तर फारच जपून निर्णय घ्यावा लागतो. हृदयाच्या झडपेच्या किंवा अनियमित ठोक्यांच्या आजारासाठी आपले कितीतरी ज्येष्ठ अशा गोळ्या घेतात. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डोनानेमॅब या अशाच दुसऱ्या औषधामध्ये सुजेचे प्रमाण सुमारे २४ टक्के होते.

यानंतर सोलापूरच्या वास्तवाचा विचार येतो. लेकानेमॅब सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनवाटे द्यावे लागते, त्याआधी अमायलॉइड सिद्ध करणारी तपासणी लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत ठरावीक अंतराने एमआरआय काढून सूज नाही ना, हे पाहावे लागते. पुण्याला किंवा मुंबईला जाऊन हे करायचे, तर रात्री-अपरात्री डोकेदुखी, गोंधळ किंवा झटका आल्यास सोलापुरात कोण पाहणार, तिथे कोणते स्कॅन होईल, आणि पक्षाघात समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याआधी ‘हे औषध चालू आहे’ हे डॉक्टरांना कोण सांगणार, या प्रश्नांची उत्तरे लेखी असल्याशिवाय पहिले सलाईनही लावून घेऊ नये. ज्या रुग्णाला आता घरची माणसे ओळखता येत नाहीत, त्याच्यासाठी ही औषधे नाहीतच. तिथे तो खर्च चांगली मदतनीस बाई, श्रवणयंत्र आणि पडू नये म्हणून न्हाणीघरात बसवलेला दांडा यांवर करणे अधिक शहाणपणाचे.

अगदी मोठा टक्का दिसला तर रुग्णसंख्या शोधावी. सप्टेंबर २०२५ मध्ये हंटिंग्टनच्या आजारावरील एका जनुकोपचाराने तीन वर्षांत घसरण ७५ टक्क्यांनी मंदावल्याची बातमी जगभर पसरली. ती मोठ्या मात्रेच्या अवघ्या १२ रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेली होती आणि तुलना प्लासिबो गटाशी नव्हे, तर इतरत्र नोंदलेल्या रुग्णांच्या माहितीशी केलेली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला मान्यतेसाठी एवढा पुरावा पुरेसा वाटत नसल्याचे नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच कळवले. संशोधन आशादायक आहे हेही खरे, आणि ‘आजारावर विजय’ हा मथळा घाईचा होता हेही खरे.

रक्ताची आणि जनुकांची तपासणी

पी-टाऊ-२१७ या प्रथिनावर आधारलेल्या रक्ततपासणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती विस्मरणाची लक्षणे असलेल्या ५५ वर्षांवरील लोकांसाठी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरण्यासाठी. चष्मा कुठे ठेवला हे विसरणाऱ्या धडधाकट माणसाने वाढदिवसाच्या आरोग्य पॅकेजमध्ये ती करून घेऊ नये, कारण अमायलॉइड असलेल्या सर्वांनाच स्मृतिभ्रंश होत नाही, आणि अहवाल हाती आल्यावर करण्यासारखे फारसे काही नसते.

जनुकीय तपासणीचा प्रश्न आपल्या भागात अधिक गंभीर आहे. सोलापूर परिसरात आणि कर्नाटक-तेलंगणाच्या सीमाभागात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी, क्वचित मामा-भाचीत विवाह होण्याची जुनी रीत अनेक समाजांत आहे. नात्यात विवाह झाल्यास दोन्ही पालकांकडे एकाच पूर्वजाची तीच दोषयुक्त प्रत असण्याची शक्यता वाढते. फाईलसोबत तीन पिढ्यांचा वंशवृक्ष एका कागदावर काढून न्यावा; कोणाला फिट येत होत्या, कोण लहानपणी दगावले, कोणाचे लग्न नात्यात झाले, हे लिहावे. आजीला जे आठवते ते कोणत्याही प्रयोगशाळेला कळणार नाही. यात सुनेला दोष देण्याची वृत्ती अजून दिसते, आणि ती अडाणीपणाची आहे: अशा आजारांत निम्मा वाटा वडिलांच्या घराण्याचा असतोच.

अहवालात ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असे लिहून आले, तर त्याचा अर्थ दोष सापडला असा होत नाही. जनुकात बदल दिसतो, पण तो आजाराचे कारण आहे की निरुपद्रवी, हे सांगण्याइतकी माहिती अद्याप नाही, एवढाच त्याचा अर्थ. संदर्भासाठीची माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने भारतीयांच्या अहवालांत असे शेरे येतात; दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची जिनोम इंडिया प्रकल्पातील माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, त्याचा येथे हळूहळू उपयोग होईल. दोन-तीन वर्षांनी त्याच अहवालाचे पुन्हा विश्लेषण करून मागावे. हंटिंग्टनसारख्या आजारात मात्र निरोगी दिसणाऱ्या मुलांची तपासणी समुपदेशनाशिवाय करू नये, आणि अठरा वर्षांखालील मुलांची तर नाहीच. सीएजीची ४० किंवा अधिक आवर्तने म्हणजे आजार होणार, हे एकदा कळले की ते विसरता येत नाही.

दुर्मीळ आजाराचे निदान झाले, तर २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र आहे. महागड्या औषधासाठी समाजमाध्यमांवर वर्गणी सुरू करण्याआधी तेथे नोंदणी करावी.

चाचणीत भाग घेण्याआधी

‘स्टेम सेलने ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, कंपवात बरा करतो’ अशा जाहिराती मराठीतही दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या मान्य उपयोगांखेरीज स्टेम सेलचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. त्यामुळे ‘ट्रायल आहे, पाच लाख भरा’ असे कोणी म्हणाले की तिथून उठावे.

खरी चाचणी असेल, तर तिचा सीटीआरआयने सुरू होणारा क्रमांक मागावा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही नोंदवही २००७ पासून आहे, २००९ पासून तिच्यात नोंद करणे बंधनकारक झाले, आणि ती इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येते. तिथे चाचणीचा टप्पा, कोणत्या वयाचे व कोणत्या अवस्थेतील रुग्ण घेणार, कोणत्या शहरांतील रुग्णालये सहभागी आहेत, हे सर्व दिलेले असते. क्रमांक तपासताना आजाराचे नाव आणि संस्थेचे नाव जुळते का तेही पाहावे, कारण दुसऱ्याच चाचणीचा क्रमांक दाखवला जाऊ शकतो. २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार आणि भरपाई यांची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. चाचणीवर देखरेख करणाऱ्या आचारसमितीचा (एथिक्स कमिटीचा) दूरध्वनी क्रमांक संमतिपत्रावर छापलेला असावा.

ते संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. आपल्या शहरात पूर्व भागातील घराघरांत तेलुगू आणि अनेक ठिकाणी कन्नड बोलली जाते, तेव्हा आजोबांना मराठी बोलता येते म्हणून मराठी संमतिपत्र त्यांना समजलेच असे गृहीत धरू नये. तेलुगू किंवा कन्नड प्रत मागावी, ती घरी नेऊन सर्वांनी वाचावी, शंका मार्जिनमध्ये लिहाव्यात आणि सही दुसऱ्या भेटीतच करावी. रुग्णाला विस्मरणामुळे निर्णय घेणे अवघड असेल, तर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून कोण सही करणार हे भावंडांनी आधीच आपसांत ठरवावे, आणि सही केलेल्या पत्राची एक प्रत फाईलमध्ये, औषधांच्या यादीच्या वर, लावून ठेवावी.